व्याकरणाचं पुस्तक निवडण्याआधी मुलांच्या वह्या वाचा

प्रश्न: आमची मुलगी १३ वर्षांची आहे आणि मुलगा ११. तीन वर्षांपासून दोघंही घरीच शिकतात. मराठी व्याकरणासाठी आतापर्यंत तीन पुस्तकं बदलली. नामाचे प्रकार, विभक्तीचे प्रत्यय दोघांनाही तोंडपाठ आहेत, पण चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात आणि वाक्यं विस्कटतात. या वयासाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा? दोघांना एकत्र शिकवता येईल का? आणि आमचंच व्याकरण कच्चं असेल तर काय करायचं?

उत्तर:

प्रत्यय तोंडपाठ आहेत आणि तरी लिहिताना चुका होतात, असं तुम्ही लिहिलंय. यात मुलांचा दोष नाही. पुस्तकांनी जे विचारलं ते त्यांनी मन लावून पाठ केलं. पण पुस्तकांनी पाठांतर विचारलं आणि तुम्हाला हवं होतं लेखन. म्हणून चौथं पुस्तक शोधण्याआधी थोडं थांबा. मी गेली बरीच वर्षं घरी शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मराठी शिकवायला मदत करते. 'कोणतं पुस्तक घेऊ?' असं कुणी विचारलं की मी आधी मुलांच्या वह्या मागते.

तुम्हीही तेच करा. दोघांच्या वह्यांतून गेल्या दोन महिन्यांतली तीन-तीन पानं काढा. बघून उतरवलेली नकोत, मनाने लिहिलेली हवीत. पान मुलाच्या हातात द्या, मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्ही शेजारी बसून पानाकडे बघत ऐका. ऐकताना चुकांचे तीन ढीग आपोआप वेगळे होतात.

पहिल्या ढिगातल्या चुका वाचतानाच दुरुस्त होतात. वहीत 'आम्ही सगळे मैदानावर गेले' असं असतं आणि मुलाच्या तोंडून 'गेलो' निघतं. त्याचं व्याकरण शाबूत आहे, हात तेवढा घाईत होता. यावर कुठलाही अभ्यासक्रम नको. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचायचं, एवढी सवय लावा.

दुसऱ्या ढिगातल्या चुका वाचताना सापडतच नाहीत, कारण फरक कानाला ऐकू येत नाही. 'फुल' आणि 'फूल', 'विहीरीत' आणि 'विहिरीत', 'मुलानी' आणि 'मुलांनी'.

तिसऱ्या ढिगात अशी वाक्यं येतात की वाचताना मूल अडखळतं, पुन्हा वाचतं, काहीतरी बिघडलंय हे त्याला जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' हे त्यातलं नेहमी भेटणारं वाक्य.

या वयाच्या मुलांत मला बहुतेक वेळा दुसरा ढीग सगळ्यात मोठा दिसतो, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कोणतंही पुस्तक हातात घेतलं की ते या दोन ढिगांचं काय करतं, एवढंच बघा.

आधी दुसऱ्या ढिगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बरीचशी पुस्तकं इथेच फसतात. त्यांत व्याकरण एकीकडे असतं आणि शुद्धलेखन शेवटच्या प्रकरणात, 'अशुद्ध शब्द - शुद्ध शब्द' अशा दोन रकान्यांत. मराठीत ही फारकत चालत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम एकदा शांतपणे वाचा. त्यांतले बरेचसे नियम व्याकरण कळल्याशिवाय वापरताच येत नाहीत.

'फूल' हाच शब्द घ्या. शेवटचं अक्षर अकारान्त आहे, म्हणून त्याच्या आधीचा ऊ दीर्घ. गरीब, वकील, विहीर, सून हे सगळे त्याच घरातले. आता 'ला' प्रत्यय लागला, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदललेलं रूप, झालं 'फुला', आणि ऊ ऱ्हस्व झाला: फुलाला. तसंच विहीर-विहिरीत, गरीब-गरिबाला. कापूस, लाकूड, माणूस या शब्दांत तर तो ऊ निघूनच जातो: कापसाला, लाकडाला, माणसाला. पण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून 'शरीरात' लिहायचं, 'शरिरात' नाही. शब्दाचं मूळ, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरं अक्षर आणि सामान्यरूप या तीन गोष्टी कळल्या की मूल शेकडो शब्द स्वतःच्या विचाराने लिहू लागतं. त्या कळल्या नाहीत तर प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो, आणि तो आठवड्याभरात विसरतो.

अनुस्वाराचंही तसंच. 'मुलाने' एकवचन, 'मुलांनी' अनेकवचन. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो हे कळलं की 'आजोबांनी' आणि 'बाईंना' यांत अनुस्वार का, हा प्रश्न मूल स्वतः विचारतं. आजोबा तर एकच आहेत. मग आदरार्थी बहुवचनाची ओळख होते. व्याख्या न सांगता झालेली अशी ओळख मुलं विसरत नाहीत.

म्हणून पुस्तक चाळताना थेट सामान्यरूपाचा धडा काढा. त्यात 'फूल-फुलाला' हा बदल दाखवलाय का? का होतो ते सांगितलंय का? मुलाला स्वतः पाच-दहा शब्द चालवून बघायला दिलेत का? सामान्यरूप दोन ओळींत उरकून प्रत्ययांचा तक्ता पाठ करायला दिला असेल, तर बाकीचं पुस्तक कितीही सुबक असलं तरी ठेवून द्या. आणि अशुद्ध शब्दांच्या लांबलचक याद्या मुलांपुढे ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. चुकीचं रूप वारंवार डोळ्यांखालून गेलं की तेच ओळखीचं वाटायला लागतं.

आता तिसरा ढीग. वर दिलेलं वाक्य पुन्हा बघू: 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला.' एका ११ वर्षांच्या मुलाच्या वहीत हे होतं. मी त्याला एवढंच विचारलं, 'घरी कोण पोहोचलं?' तो म्हणाला, 'आम्ही.' 'आणि सुरू कोण झालं?' 'पाऊस.' मग क्षणभर वाक्याकडे बघून म्हणाला, 'अरे, इथे तर पाऊसच घरी पोहोचला!' त्याने स्वतः लिहिलं: आम्ही घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला. मग आम्ही दोघांनी मिळून 'ऊन'वाली दहा वाक्यं केली आणि नियम त्यानेच काढला: 'ऊन' लावलं तर दोन्ही कामं सहसा एकाच कर्त्याची असतात, आणि कर्ता बदलला की 'ल्यावर' किंवा 'तेव्हा' घ्यावं लागतं. 'धातुसाधित', म्हणजे धातूला प्रत्यय लागून झालेलं 'पोहोचून'सारखं रूप, हा शब्द मी त्यानंतर सांगितला. तोवर त्याला त्या शब्दाची गरज पडली होती.

या वयात व्याकरण असं शिकवता येतं, आणि त्याचं कारण साधं आहे. घरात मराठी बोलणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाला मराठीचं व्याकरण येत असतंच, ते त्याच्या कानात असतं. अभ्यासक्रमाचं काम ते कानातून डोळ्यांसमोर आणण्याचं आहे. प्रयोगाचा धडा, म्हणजे वाक्यातलं क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, कर्माप्रमाणे की कुणाप्रमाणेच नाही हे शिकवणारा, यासाठी फार चांगला, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते.

एका १२ वर्षांच्या मुलीला कर्तरी, कर्मणी, भावे या तिन्हींच्या व्याख्या येत होत्या, पण वाक्य दिलं की ती अंदाज बांधायची. मी चिठ्ठ्या केल्या. एका गठ्ठ्यात 'मुलाने', 'मुलीने', 'मुलांनी', दुसऱ्यात 'निबंध', 'कविता', 'पत्र', तिसऱ्यात 'लिहिला', 'लिहिली', 'लिहिलं'. तिला म्हटलं, वाक्यं जुळव. तिने 'मुलाने निबंध लिहिला' जुळवलं. 'मुलाने' काढून 'मुलीने' ठेवलं, क्रियापद हललं नाही. 'मुलांनी' ठेवलं, तरी हललं नाही. 'निबंध' काढून 'कविता' ठेवली आणि हात आपोआप 'लिहिली'कडे गेला. ती म्हणाली, 'म्हणजे क्रियापद मुलाचं ऐकतच नाही, कवितेचं ऐकतं.' कर्मणी प्रयोगाची याहून नेटकी व्याख्या मला माहीत नाही. मग 'मुलीने भावाला बोलावलं' दिलं. भावाला, बहिणीला, सगळ्यांना, काहीही बदलून पाहिलं, 'बोलावलं' जागचं हलेना. हा भावे प्रयोग. सगळं मिळून २५ मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी तिनेच प्रश्न आणला: 'ती कविता शिकली' यात 'तिने' का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. शिकणं, विसरणं, बोलणं अशी काही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्याचंच ऐकतात: तो कविता शिकला, ती नाव विसरली, तो खोटं बोलला. चांगला अभ्यासक्रम असा अपवाद लपवत नाही. निदान पालकांसाठीच्या टिपांत तरी तो द्यावाच. तुम्ही बघत असलेल्या पुस्तकात या क्रियापदांचा उल्लेख शोधा. सापडला तर ते लिहिणाऱ्याने मुलांसोबत बसून काम केलंय असं समजायला हरकत नाही.

आता पुस्तकांच्या जातींकडे येते. एक जात दर वर्षी सगळं पुन्हा घेणारी: सहावीत नाम, सातवीत नाम, आठवीत नाम, दर वेळी जरासं वाढवून. शाळेत ते समजण्यासारखं आहे, कारण तिथे वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात, मागचं कुणाला किती येतं ते माहीत नसतं. घरी शिकवणारी व्यक्ती तीच असते. तुम्हाला माहीत आहे की नाम झालंय. म्हणून घरासाठी मी एकच सलग फेरी सुचवते, दीड ते दोन वर्षांत सगळं व्याकरण एकदा नीट, आणि पुढे लेखनातून उजळणी.

दुसरी जात रिकाम्या जागांच्या कार्यपुस्तिकांची. त्या पालकांना आवडतात, कारण मूल एकटं बसून पान संपवतं. अडचण अशी की ज्या पानावर 'क्रियाविशेषण अव्यय' असं शीर्षक आहे, तिथे प्रत्येक वाक्यात क्रियाविशेषणच शोधायचं असतं. मूल वाक्य न वाचताही उत्तर काढू शकतं. अशी पुस्तिका घ्यायचीच असेल तर शेवटची सरमिसळ पानं बघा. ती भरपूर असतील तर घ्या.

तिसरी जात भाषेच्या एकत्रित पुस्तकाची: धडा, कविता, आणि खाली व्याकरणाचे चार प्रश्न. लहान मुलांना ते पुरतं. ११ ते १४ या वयात मात्र तुकड्यातुकड्यांनी आलेलं व्याकरण जोडलं जात नाही, असं मला वारंवार दिसलंय.

आणि चौथी, जी घरी शिकवणारे पालक हमखास आणतात: स्पर्धा परीक्षांसाठीची जाडजूड पुस्तकं. त्यांत सगळं असतं हे खरं. पण ती मोठ्यांसाठी, भरभर उत्तरं देता यावीत म्हणून लिहिलेली असतात. स्वतःच्या संदर्भाला ठेवा, मुलांच्या हातात नको.

क्रमाबद्दलही सांगते, कारण बहुतेक पुस्तकं वर्णमालेपासून किंवा नामापासून सुरू होतात. मी क्रियापदापासून सुरू करते. मराठी क्रियापदात लिंग, वचन, पुरुष सगळं एकवटलेलं असतं, आणि ते कुणाचं ऐकतंय हे शोधायला लागलं की कर्ता आणि कर्म आपसूक सापडतात. मग नाम, लिंग, वचन, सामान्यरूप आणि त्याला जोडूनच लेखनाचे नियम. नंतर प्रयोग. शेवटी केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं, आणि त्यांच्याच बरोबरीने विरामचिन्हं. तुमच्या पुस्तकातला क्रम वेगळा असेल तर धडे पुढेमागे करायला अजिबात कचरू नका.

वाक्यं जोडणं मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू ठेवा. चार सुटी वाक्यं द्यायची: पाऊस थांबला. मुलं बाहेर आली. मैदान ओलं होतं. खेळ सुरू झाला नाही. यांची एक किंवा दोन वाक्यं करायची, आणि प्रत्येकाने निदान दोन तऱ्हेने. एक जण लिहितो, 'पाऊस थांबल्यावर मुलं बाहेर आली, पण मैदान ओलं असल्यामुळे खेळ सुरू झाला नाही.' दुसरी लिहिते, 'पाऊस थांबून मुलं बाहेर आली तरी ओल्या मैदानावर खेळ सुरू झाला नाही.' मग 'थांबून' इथे चालतं का, यावर वाद होतो. होऊ द्या, त्या वादातच व्याकरण आहे. इंग्रजीपुरतं यावर बरंच संशोधन झालंय. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारल्याचं त्यांना दिसलं नाही, वाक्यं जोडण्याच्या सरावाने मात्र सुधारलेलं दिसलं. मराठी वेगळी भाषा आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे आपल्याकडे शुद्धलेखनासाठी व्याकरण लागतंच. तरी वाक्यं जोडण्याबाबत माझा अनुभव या निष्कर्षाशी तंतोतंत जुळतो.

दोघांना एकत्र घेता येईल का? नवीन गोष्ट शिकताना जरूर एकत्र घ्या. ११ आणि १३ यांत व्याकरण समजण्याच्या दृष्टीने फार अंतर नाही, आणि चिठ्ठ्यांचा खेळ दोघांत जास्त रंगतो. लिहायचं काम मात्र वेगवेगळं द्या, ज्याच्या त्याच्या वहीतल्या वाक्यांवरून. मुलगी धाकट्याला समजावून सांगू लागली तर तिला थांबवू नका, पण त्याची वही तपासायचं काम तिच्यावर टाकू नका. भावंडांत त्यावरून कटुता येते.

वेळेचं म्हणाल तर रोज २० ते २५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. त्यांतले दोन दिवस नवीन धडा, एक दिवस वाक्यं जोडणं, एक दिवस स्वतःचं जुनं पान दुरुस्त करणं. दुरुस्ती करताना एका पानावर एकाच प्रकारची चूक धरायची. या आठवड्यात सामान्यरूप म्हटलं की फक्त सामान्यरूप. सगळं पान लाल झालं की मुलं लिहायचंच कमी करतात, आणि मग सुधारायला काही उरत नाही.

तुमचं स्वतःचं व्याकरण कच्चं असल्याची काळजी तुम्ही केलीत, ती रास्त आहे. डेब्रा मायहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली इंग्लंडमधल्या शाळांतला अभ्यास प्रसिद्ध केला. लेखनाशी जोडून व्याकरण शिकवल्याचा फायदा झाला, पण तो शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या व्याकरणाच्या जाणकारीवरही अवलंबून होता. तेव्हा पुस्तक निवडताना उत्तरांबरोबर कारणंही देणारं पुस्तक निवडा. नुसती उत्तरसूची असेल तर मुलाने 'का?' विचारल्यावर तुम्ही एकट्या पडाल. शिवाय मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' संदर्भाला जवळ ठेवा. भाषा जुनी वाटेल, पण शंका आली की त्यात उकल सापडते, आणि आधीच्या व्याकरणकारांची मतं कुठे पटत नाहीत तेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. तुम्ही मुलांच्या एक धडा पुढे असलात तरी चालतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तो भिंतीवर लिहून ठेवा आणि तिघं मिळून शोधा.

अलंकार, वृत्तं, समासांचे बारीक पोटभेद यांची घाई करू नका. समासाची नुसती ओळख पुरे, कारण 'कवी' पण 'कविमन', 'लघू' पण 'लघुकथा' हे लिहिण्यासाठी ती लागते. पुढे मुक्त विद्यालयाची किंवा दुसरी कुठली परीक्षा द्यायची असेल तर त्या आधीचं एक वर्ष त्या परीक्षेच्या प्रश्नांना द्या. पाया पक्का असला की पोटभेद तेव्हा लवकर होतात.

आणखी एक, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल: इंग्रजी व्याकरण समांतर चालवू का? पहिले सहा महिने नको. कर्ता, कर्म, क्रियापद, विशेषण ही जाण मराठीत पक्की झाली की इंग्रजीत फक्त नावं बदलतात, आणि जे खरोखर वेगळं आहे, उदाहरणार्थ तिथलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचं ऐकायला जात नाही, ते मुलांना स्वतःलाच दिसतं.

आता तुमच्याकडच्या त्या तीन पुस्तकांकडे परत येऊ. त्यांपैकी प्रत्येकातला सामान्यरूपाचा आणि प्रयोगाचा धडा आज उघडून बघा. एखाद्यात कारणं दिली असतील आणि पुढे सरमिसळ सराव असेल, तर तेच पुस्तक वर सांगितलेल्या क्रमाने सुरू करा, चौथं आणू नका. आज वाचलेल्या पानांवर तारीख टाकून ती बाजूला ठेवा. आठ आठवड्यांनी मुलांना नवीन पान लिहायला सांगा, ते तसंच मोठ्याने वाचून घ्या आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून दुसरा ढीग मोजा. तो अजून तेवढाच असेल, तर पुस्तक बदला.